शकटकर्म

जैन श्रावकाने पोटासाठी कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची एक जुनी यादी आहे. त्या धंद्यांना कर्मादाने म्हणतात, म्हणजे ज्यांतून कर्माची आवक फार होते असे धंदे. उपासकदशांग या आगमात ही यादी येते, आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्यांतला एकेक धंदा उलगडून सांगितला. कोळसा पाडणे, रान तोडणे, भाड्याने वाहतूक करणे (भाटककर्म), तळी-विहिरी खणणे आणि दगड फोडणे (स्फोटकर्म), तीळ-ऊस यंत्रात पिळणे (यंत्रपीडन), असे हे धंदे आहेत. त्यांतलाच एक शकटकर्माचा. गाडी घडवणे, हाकणे आणि विकणे हे त्यात येतेच, पण गाडीचे सुटे भाग करणेही येते. ही शेवटची भर मला फार मोलाची वाटते. चाक करणारा सुतार आपण गाडी केलीच नाही असे म्हणू शकतो, आस घडवणारा लोहार चाकाकडे बोट दाखवू शकतो. शास्त्रकारांनी ती पळवाट आधीच बुजवून टाकली.

सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींच्या चरित्राशेजारी ही यादी ठेवली, तर मन थबकते. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे हे स्फोटकर्म. १९१९ ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे भाटककर्म. रावळगाव आणि वालचंदनगर इथले साखर कारखाने हे यंत्रपीडन. आणि १९४४ साली स्थापन झालेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स हे तर उघड शकटकर्म. यादी मुख्यतः श्वेतांबर परंपरेतली आहे आणि वालचंद दिगंबर होते हे खरे. पण दिगंबरांतही पंडित आशाधरांनी ती विचारात घेतली आहे, आणि तिच्या मागचा विचार तर दोन्ही पंथांना सारखाच मान्य आहे. ज्या माणसाने हिंदी माणसाच्या हाती जहाज, विमान आणि मोटार यावी म्हणून परक्या सरकारशी आयुष्यभर झगडा केला, त्याचे जवळजवळ सगळे मोठे उद्योग त्याच्याच धर्माच्या निषिद्ध यादीत निघावेत, याचा अर्थ काय लावायचा? एक उत्तर असे की यादी कालबाह्य झाली. दुसरे असे की माणूस चुकला. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही मला चुकीची वाटतात. माझे म्हणणे असे, की ही यादी धंद्याला कुलूप लावण्यापेक्षा अधिक काही करते. वस्तू हातावेगळी झाल्यावर ती पुढे जगात जे करील त्याचा हिशेब घडवणाऱ्याच्या वहीतून पुसला जात नाही, हे ती सांगते. आणि हा हिशेब मोटारीच्या बाबतीत जितका निकडीचा आहे तितका बैलगाडीच्या बाबतीत कधीच नव्हता.

यादी ग्रंथात कुठे बसवली आहे हे आधी पाहायला हवे. ती हिंसेच्या प्रकरणात येत नाही. ती येते भोगोपभोग-परिमाण या व्रताखाली, म्हणजे आपण काय आणि किती वापरायचे याची मर्यादा आखून घेण्याच्या व्रताखाली. त्याच उपासकदशांगात आनंद नावाच्या गृहस्थाची कथा आहे. तो आदर्श श्रावक. महावीरांसमोर व्रते घेतो. त्याच्या व्रतात गाड्यांचीही मर्यादा आहे: परगावच्या वाहतुकीला ५०० आणि घरच्या कामाला ५००, त्यापलीकडे नाही. आजच्या वाचकाला हजार गाड्यांची ही मर्यादा ऐकून नवल वाटेल, पण मुद्दा आकड्यापेक्षा आकडा ठरवण्यात आहे. गाडी वर्ज्य नाही. तिचे परिमाण ठरलेले असले पाहिजे. मराठीत परिमाण म्हणजे माप. शास्त्रात तोच शब्द मापाला आणि मर्यादेला, दोहोंना लागतो. मोटारीच्या कारखान्यातून गाडीबरोबर जो मापांचा तक्ता बाहेर पडतो, त्यात यांतला पहिला अर्थ पुरेपूर असतो आणि दुसरा कुठेच नसतो.

प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली वाहने बाहेर पडली ती क्रायस्लरच्या परवान्याची होती. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे त्या काळच्या मुंबईकराच्या तोंडी होती. या क्रायस्लरचा आरंभ आपल्या प्रश्नाशी जवळून जोडलेला आहे. वॉल्टर क्रायस्लर हा कॅन्सस प्रांतात वाढलेला रेल्वेचा मेकॅनिक. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने लोकोमोबिल नावाची मोटार पाहिली. किंमत ५००० डॉलर, जवळ होते ते त्याहून बरेच कमी, उरलेले कर्ज. गाडी घरी आणली आणि चालवायच्या आधी ती पुनःपुन्हा उकलून जमिनीवर मांडली आणि पुन्हा जुळवली. पुढे ब्यूइकचा कारखाना त्याने चालवला, डबघाईला आलेली मॅक्सवेल कंपनी सावरली, १९२४ साली स्वतःच्या नावाची सहा सिलिंडरची गाडी आणली आणि १९२५ साली क्रायस्लर कॉर्पोरेशन उभे केले. १९२८ मध्ये डॉज ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लिमथ व डिसोटो ही नवी नावे बाजारात आणली. १९२४ च्या गाडीत दोन गोष्टी एकत्र होत्या: ताशी ७० मैलांच्या आसपास जाणारे इंजिन, आणि चारही चाकांना द्रवदाबाचा ब्रेक, जो त्या काळी बहुतेक गाड्यांना नव्हता. वेग वाढवताना थांबण्याची सोय त्याच आराखड्यात करायची, ही अभियंत्याची नीती आहे आणि तिची किंमत कमी लेखू नये. धर्मशास्त्र ज्याला संयम म्हणते त्याचे एक लोखंडी रूप त्या ब्रेकमध्ये आहे असे मी निःसंकोच म्हणेन.

पण तेवढ्याने भागत नाही. साधूने चालताना पाळायच्या नियमाला जैन परंपरेत ईर्यासमिती म्हणतात. तिचे माप आहे एक युग, म्हणजे बैलाच्या मानेवरच्या जुवाइतके अंतर, सुमारे चार हात. तेवढी पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकायचे, म्हणजे पायाखाली जीव येणार नाही. गतीच्या नीतीचे माप गाडीच्याच एका भागावरून घ्यावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. चालणारा माणूस जितके पाहतो तितक्यात थांबू शकतो. म्हणून त्याची काळजी पुरी पडते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे साधारण नऊ जू. ब्रेकवर पाय पडायच्या आत एवढे अंतर निघून गेलेले असते. कराडहून पाटणमार्गे कोयनानगर आणि तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, या रस्त्यावर तर वळणामागचे काहीच दिसत नाही. चालकाने कितीही जपले तरी त्याच्या नजरेला जे झेपते त्याहून यंत्र पुढे धावते, आणि ते किती पुढे धावेल हे चालकाने ठरवलेले नसते. ते ठरवले आराखडा करणाऱ्याने. म्हणून सगळी जबाबदारी हाकणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही, आणि घडवणे, हाकणे, विकणे या तिन्हींना एकाच नावाखाली बांधणारे ते जुने वर्गीकरण मला आजच्या कितीतरी कायद्यांपेक्षा चोख वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे. शकटकर्म निषिद्ध ठरले ते बैलाच्या हालांमुळे. जुवाने सोललेली मान, पराणीचे टोचणे, ओझ्याखाली बसलेला जीव. हे पाहून शास्त्रकार कळवळले. मोटारीने बैल सोडवला. मग ज्या कारणाने निषेध होता तेच उरले नाही, तर निषेध का उरावा? उलट वालचंदांनी अहिंसेचेच काम केले असे म्हणायला हवे. यातली पहिली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. मुंबईच्या रस्त्यावरून मालाच्या गाड्या ओढणारे जनावर कमी झाले, हे पुण्यच. पण यातून दुःख संपले असे म्हणता येत नाही. ते दिसेनासे झाले, एवढेच नक्की म्हणता येते. बैलाची जखम हाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन हातांवर होती. तिची लाज वाटण्याची जागा होती, शेजाऱ्याने टोकण्याची सोय होती. पेट्रोलचा धूर कुणाच्या छातीत गेला, खाण कुणाच्या शेतात पडली, रस्त्यासाठी कुणाचे घर उठले, हे स्टिअरिंगवर बसलेल्याला दिसत नाही. पाहण्याची सोय गेली की कळवळ्याची सोयही जाते. म्हणून अदृश्य हिंसेच्या धंद्यात घडवणाराची वही अधिक काटेकोर हवी, सैल नव्हे.

अदृश्य म्हणजे किती अदृश्य, याचा दाखला कोयनानगरला आहे. धरण म्हणजे त्याच यादीतले स्फोटकर्म: दगड फोडणे, तळे खणणे. कोयना नदी मुळात पूर्वेला कराडकडे वाहते. १०३ मीटर उंचीच्या भिंतीने ती अडवली, शिवसागर जलाशय भरला, आणि पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडले. पुढच्या टप्प्यांसह या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. वीज तारेतून राज्यभर गेली, कारखाने चालले, शहरांत दिवे लागले. वीजघर डोंगराच्या आत, पाणी बोगद्यात, आणि ज्यांची गावे तळ्याखाली गेली ती माणसे जिल्ह्याबाहेर विखुरलेली. दिव्याखाली बसून वाचणाऱ्याला यांतले काहीही दिसत नाही. शिवाय इथे मापाच्या तक्त्याची मर्यादाही उघडी पडली. भिंतीचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर भाराच्या पाच टक्के धरला होता. दख्खनचे पठार स्थिर आहे अशीच त्या वेळची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हलली तेव्हा धरणातल्या उपकरणाने त्याच्या कित्येक पट प्रवेग नोंदवला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगरची घरे कोसळली. भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. साठवलेल्या पाण्यानेच या हालचालीला चालना दिली असे आज बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. भिंत बांधणाऱ्यांच्या मनात कुणाचे वाईट नव्हते. त्यांनी त्या काळचे ज्ञान वापरले. तरीही वस्तूने असे काही केले जे तिच्या कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नव्हते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो: हेतू नव्हता, ज्ञान नव्हते, तर कर्म कसले? जैन विचारात याचे उत्तर तयार आहे. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानतात. ठरवून, मारण्याच्या इच्छेने केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, उद्योगातली उद्योगी, आणि आक्रमणाला तोंड देतानाची विरोधी. गृहस्थाला पूर्ण बंदी फक्त पहिलीची. सांगली-कोल्हापूरकडचे जैन तर पिढ्यानपिढ्या शेतकरी आहेत. नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांचे श्रावकपण कुणी नाकारत नाही. तेव्हा मोटारीचा कारखाना उद्योगी हिंसेत बसतो आणि वालचंदांना त्याची मुभा होती, असे म्हणता येईल. मी ते मान्य करतो. पण मुभेमागे एक अट आहे आणि ती नेहमी विसरली जाते. उद्योगी हिंसा करणाराने रोज आलोचना करायची असते: आज माझ्या कामाने काय काय दुखावले, ते मोजायचे, कबूल करायचे, उद्या कमी करायचे. शेतकरी ते करू शकतो, कारण त्याचा फाळ आणि त्याचे शेत त्याच्या समोर आहे. कारखानदाराला, धरण बांधणाऱ्या राज्याला, ती आलोचना करायची तर मुद्दाम व्यवस्था उभारावी लागते. मुभा घेतली आणि मोजणी टाळली, तर उद्योगी हिंसा हळूहळू संकल्पीच्या अंगाने जाऊ लागते. कारण माहीत करून घेता येत असताना न घेणे हाही एक संकल्पच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. मोटार एका माणसाने केलेली नसते. प्लिमथचेच पाहा: १९४६ ते ४८ या काळातली सेडान, एका रांगेत सहा सिलिंडर, सुमारे ३५७० सीसीचे इंजिन, ९५ अश्वशक्ती, पुढच्या-मागच्या चाकांत ११७ इंचांचे अंतर, तीन गिअर. आराखडा डेट्रॉइटचा, सुटे भाग पेट्यांतून आलेले, जुळणी कुर्ल्याची, रस्ता सरकारचा, पेट्रोल आणखी कुणाचे. मग ही गाडी कोणाची आणि तिचे कर्म कोणाला? एका जुन्या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षूने राजा मिलिंदाला हाच पेच घातला होता. रथ म्हणजे आस का? चाक का? जू का? एकेक भाग बाजूला केला तर रथ कुठेच सापडत नाही. रथ हे नुसते व्यवहाराचे नाव. वॉल्टर क्रायस्लरने घरी जमिनीवर मांडलेल्या लोकोमोबिलमध्ये मोटार कुठे होती, हा तोच प्रश्न. नैयायिक म्हणतील, अवयवांहून वेगळा अवयवी खराच असतो. बौद्ध म्हणतील, नसतो. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ज्या ग्रंथाने रथाचे असे तुकडे केले, त्याच ग्रंथाने जबाबदारीचे तुकडे होऊ दिले नाहीत. त्यात आंबे चोरणाऱ्याचा दाखला आहे: मालकाने लावलेला आंबा वेगळा, मी नेलेला वेगळा, असे तो म्हणतो, तरी तो दोषीच ठरतो. जेवताना लावलेल्या दिव्याने गाव पेटवणाऱ्याचाही दाखला आहे: माझ्या दिव्याची ज्योत वेगळी, गाव जाळणारी आग वेगळी, हा त्याचा बचाव राजाच फेटाळतो, कारण दुसरी आग पहिलीतूनच निघाली. म्हणजे वस्तूला स्थिर आत्मा नसला तरी परिणामांची साखळी खरी आहे, आणि साखळीतला कोणीही बाहेर पडत नाही. सुटे भाग करणाऱ्यालाही यादीत धरणारे जैन आणि रथ विरघळवणारे बौद्ध इथे एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

यातून स्वदेशीचाही एक अर्थ निघतो. वालचंदांच्या मोटारीवर त्या काळी टीका झाली की ही पेट्यांतून आलेली गाडी, हिला हिंदी कशी म्हणायची? माझ्या मते सुटे भाग कुठे ओतले यावरून हे ठरवणे अपुरे आहे. गाडीच्या मापांचा निर्णय ज्या दिवशी आपण आपल्या रस्त्यांकडे, आपल्या पेट्रोलकडे आणि आपल्या फुफ्फुसांकडे पाहून घेऊ लागतो, त्या दिवशी ती आपली होऊ लागते. प्रीमिअरने पुढे १९५० च्या दशकात फियाटची ११०० घेतली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे प्लिमथच्या एक तृतीयांशाहून कमी. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली; शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हा बदल व्रत म्हणून झाला नाही, परवडण्याच्या आणि सरकारी धोरणाच्या हिशेबाने झाला, हे कबूल करायलाच हवे. पण त्यातून दिसलेली गोष्ट खरी आहे: चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या इंजिनाने तितक्याच नेमाने मुक्कामी पोचली. उरलेले दोन हिस्से कशासाठी होते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, आणि आज पुन्हा मोटारींची वजने आणि इंजिने वाढत असताना तर तो मोठ्याने विचारायला हवा. परिमाण-व्रताचा सगळा रोख याच प्रश्नावर आहे.

आलोचनेची व्यवस्था उभारता येते याचा पुरावाही कोयना खोऱ्यातच आहे. १९६७ नंतर या भागात भूकंपमापकांचे जाळे पसरत गेले. धरणाच्या भिंतीला मागून काँक्रीटचे बळ दिले गेले. कराडला भूगर्भातल्या वेधनाची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून, आपण साठवलेल्या पाण्याने खालच्या खडकात काय घडते ते तपासले जाते आहे. राज्याने आपल्या कृतीचा परिणाम जाणून घेण्यासाठी जमीन पोखरावी, हे मला खऱ्या अर्थाने धार्मिक कृत्य वाटते. त्याच खोऱ्यातून उठवलेल्या धरणग्रस्तांनी २०१८ साली कोयनानगरला ठिय्या दिला तेव्हा त्यांचे मागणे, भिंत उभी राहून पन्नासहून अधिक वर्षे झाल्यावरही, जमिनीचे आणि पुनर्वसनाचेच होते. खडकातला ताण मोजणारी उपकरणे तिथे आज आहेत. कोणत्या गावातल्या किती घरांना काय द्यायचे राहिले, याची वही मात्र त्याच अचूकतेने भरली गेलेली नाही.